लिव्हिंग विल कसं करायचं? कागदपत्रं काय लागतात आणि पुढे हॉस्पिटलमधे काय होतं

विल म्हटलं की घरात पहिला प्रश्न फ्लॅट कोणाला हाच येतो, म्हणून आधीच सांगते, याचा प्रॉपर्टीशी काडीचा संबंध नाही. आपल्याला सांगता येत नसेल आणि बरं व्हायची आशाही नसेल तेव्हा व्हेंटिलेटर लावायचा का, नळीने अन्न द्यायचं का, डायलिसिस चालू ठेवायचं का, हे धडधाकट असतानाच लिहून ठेवायचं, एवढंच. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोर सही व्हायची अट होती, मग करणार कोण? २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे झाले. नेटवर अजून जुनेच फिरतात, ते बघून घाबरू नका.

कोण करू शकतं तर कुठलीही सज्ञान व्यक्ती, डोकं ठिकाणावर हवं आणि कोणाचा दबाव नको. आजारी असायची गरज नाही.

कागद साधाच. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही, नोटरी मागतात तो भाग वेगळा. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो घरच्यांपैकी नकोत, आणि मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून ते अटेस्ट करून घ्यायचं. आधार वगैरे ओळखपत्र सगळ्यांचंच जवळ ठेवा, हेलपाटा वाचतो.

खरी डोकेफोड मजकुरात आहे. "मला त्रास देऊ नका" असं मोघम लिहिलंत तर उपयोग शून्य, कारण मजकूर संदिग्ध असेल तर मेडिकल बोर्ड, म्हणजे निर्णय घेणारं डॉक्टरांचं पॅनेल, तो अमलात आणतच नाही. त्यामुळे कुठल्या परिस्थितीत काय नको हे नाव घेऊन लिहा, डॉक्टरबरोबर बसून लिहिलंत तर उत्तम. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावंही त्यात द्यावी लागतात, एकापेक्षा जास्त देता येतात. इथे लोक डोळे झाकून थोरल्या मुलाचं नाव टाकतात, पण आयसीयूबाहेर उभं राहून आपलं म्हणणं ठामपणे सांगेल असं माणूस निवडा, आणि त्याला आधी विचारा हो!

एकेक कॉपी त्या माणसांना, फॅमिली डॉक्टरला आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे कस्टोडियनला द्यायची. पोच घ्यायला विसरू नका.

पुढचं काम हॉस्पिटलचं. डॉक्टर कागद खरा आहे का तपासतात, मग प्रायमरी बोर्ड बसतं, त्यात ट्रीटमेंट करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत पडलं की सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आधीच्या बोर्डात नसलेले दोन तज्ज्ञ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. तुम्ही नेमलेल्या माणसांची संमतीही लागते. शेवटी हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं, परवानगी मागत नाही, नुसतं कळवतं. बोर्डाने नकार दिला तर हायकोर्टात जाता येतं.

आणि कागद केलेलाच नसेल तर? केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत होत्या, त्यांच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालानुसार तेव्हा हायकोर्टात जावं लागायचं. आता जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन बोर्डांची प्रक्रिया होते, फक्त पेशंटला काय हवं होतं यावर घरात भांडणं होतात ती वेगळी.

एक गैरसमज फार आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात आजही गुन्हाच आहे, हे ते नाही. आणि मशीन काढलं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडलं असंही नाही, दुखणं आणि धाप कमी करायची औषधं, तोंडाची-अंगाची स्वच्छता हे सगळं शेवटपर्यंत चालूच राहायला हवं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे असा त्रास कमी करणारी टीम आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि शक्य असेल तर घरच्यांना जवळ बसू द्या म्हणून आग्रह धरा.

विचार बदलला तर कधीही लेखी रद्द करता येतं. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात, त्यामुळे नवीन केलंत की जुन्या कॉप्या आठवणीने परत मागून घ्या.