प्लाझमोडेस्माटा म्हणजे वनस्पतींचं गॅप जंक्शन नव्हे

फोंड्यात अकरावीच्या वह्या तपासायला घेतल्या की हे वाक्य भेटतंच: ‘वनस्पतींमधल्या गॅप जंक्शनला प्लाझमोडेस्माटा म्हणतात.’ गाइडातून उचललेलं. गॅप जंक्शन म्हणजे प्राण्यांच्या शेजारशेजारच्या पेशी जोडणाऱ्या नळ्यांचा पुंजका. प्लाझमोडेस्माटा (एकवचन प्लाझमोडेस्मा) म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतून आरपार जाणाऱ्या वाटा. दोन्हींतून आयन आणि लहान रेणू शेजारच्या पेशीत जातात, दोन्ही गरजेप्रमाणे मिटतात, एवढं खरं. आणि नातं लावायचंच तर थोरला कोण ते तरी बघा: प्लाझमोडेस्माटा एडुआर्ड टांगलने १८७९ मध्ये पाहिले, गॅप जंक्शनचं बारसं १९६० च्या दशकातलं.

गॅप जंक्शन सगळ्यांना पाठ असतं. कनेक्सिन नावाच्या सहा प्रथिनांचं कडं म्हणजे एक कनेक्सॉन, समोरासमोरचे दोन जुळले की एक नळी, भोक जेमतेम दीड नॅनोमीटर. पुढे.

घोळ होतो तो पेशीपटलापाशी. गॅप जंक्शनमध्ये दोन पेशींची पटलं वेगळीच राहतात. मधली दोन ते चार नॅनोमीटरची फट फक्त प्रथिनं ओलांडतात. प्लाझमोडेस्मात पटल तुटतच नाही. या पेशीचं पटल भित्तिकेतल्या भोकाला आतून अस्तर लावत सरळ त्या पेशीचं होतं. शिवाय मधोमध आंतर्द्रव्यजालिकेचा (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचा) चेपून बारीक झालेला धागा, डेस्मोट्यूब्यूल, आरपार गेलेला असतो.

याचं मूळ दोघांच्या जन्मात आहे. कनेक्सिनांची कडी पेशीच्या आत तयार होऊन पटलावर येतात आणि शेजारणीचं कडं भेटलं की जुळतात. नव्या नळ्या पुंजक्याच्या कडेला लागतात, जुन्या मधून निघतात. निघताना एक पेशी तो तुकडा दोन्ही पटलांसकट गिळून टाकते. कनेक्सिन ४३ या प्रकाराचं अर्धायुष्य काही तासांचंच. प्लाझमोडेस्मा बहुतेकदा पेशी विभागतानाच घडतो. भावाभावांत घराची वाटणी झाली आणि मधल्या भिंतीचे चिरे रचतानाच दार सोडलं, तसं: नवी भित्तिका उभी राहताना आंतर्द्रव्यजालिकेचे धागे तिच्यात अडकून राहतात. (तयार भित्तिकेत मागाहून नवे पडतात, पण तो वेगळा विषय.)

म्हणून ही वाट ऐसपैस. प्रथिनं आणि आरएनएसुद्धा तिच्यातून जातात. भेंडीवर केवडा हा विषाणूजन्य रोग पडतो तेव्हा विषाणू एका पेशीतून दुसरीत सरकतो तो इथूनच. गॅप जंक्शनमधून त्याचं डोकंही जाणार नाही. वाट बंद करायची तर झाड तिच्या तोंडाशी कॅलोज नावाचं कर्बोदक साठवतं.

आकृतीत डेस्मोट्यूब्यूल नसेल तर मी गुण देत नाही, मग ती कितीही रंगवलेली असो.