खोड्याविना गुरांचे जंतनिर्मूलन

गुराला लोखंडी किंवा लाकडी खोड्यात (जनावर हलू नये म्हणून उभारलेल्या चौकटीत) न अडकवता, केवळ दावे, म्होरकी आणि वेसण यांच्या आधाराने गोठ्यात किंवा चराऊ रानात जंतनाशक देण्याची रीत. महाराष्ट्रात खोडा बहुधा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारातच आढळतो. तिथे गुरे जातात ती आजारपणात, लसीकरणाला किंवा कृत्रिम रेतनाला. जंताचे औषध मात्र घरच्या माणसांच्या हातून खुंट्यापाशीच दिले जाते. खोडा नसल्याने काम अडत नाही, पण दोन चुका हमखास होतात: औषध पाजताना डोके फार वर ओढले जाते आणि वजन न काढता मात्रा ठरवली जाते. पहिल्या चुकीने जनावर दगावू शकते, दुसरीने जंत औषधाला दाद देईनासे होतात.

वजन

काटा नसल्यास शिवणाची टेप पुरते. जनावर सपाट जागी, चारही पाय सरळ ठेवून उभे करावे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६० केले की किलोग्रॅममध्ये अंदाजी वजन येते. ६० इंच घेर व ५४ इंच लांबीच्या गाईचे वजन सुमारे २९५ किलो भरते. टेप घालताना जनावर बुजत असेल तर आधी दोन-तीन दिवस त्याच जागी रोज साधी दोरी फिरवून सवय करावी. नजरेने काढलेला अंदाज मोठ्या जनावरांत बहुधा कमी पडतो. कळप सारख्या आकाराचा असेल तर त्यातल्या सर्वांत जड गुराच्या वजनाने सगळ्यांची मात्रा धरणे फेनबेंडाझोलसारख्या सुरक्षित औषधांत चालते. लेव्हामिसोल या जंतनाशकात तसे कदापि करू नये. त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते आणि जास्त झाल्यास लाळ गळणे, अंग थरथरणे सुरू होते.

कोणते औषध

जंत कोणता हे आधी ठरवावे. पोटातल्या व आतड्यातल्या गोल जंतांवर अल्बेंडाझोल दर किलोला ७.५ मिलिग्रॅम किंवा फेनबेंडाझोल ५ मिलिग्रॅम चालते. ३०० किलोच्या गाईला अडीच टक्के अल्बेंडाझोलचे पातळ औषध ९० मिली लागते. फेनबेंडाझोलची दीड ग्रॅमची एक गोळी पुरते. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात. मोकाट चरणाऱ्या गाई कळपातल्या वळूकडून कधी फळल्या हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा अशा कळपात सरसकट फेनबेंडाझोल वापरणेच शहाणपणाचे.

कोकण आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा भातपट्टा इथे खरा शत्रू यकृतातला चपटा जंत असतो. खाचरांतल्या गोगलगायींतून बाहेर पडलेली त्याची पिल्ले गवताला चिकटून राहतात आणि पाणी ओसरल्यावर चरणाऱ्या गुरांच्या पोटात जातात. जबड्याखाली पाणी उतरणे, खंगणे, दूध आटणे ही त्याची लक्षणे. ऑक्सिक्लोझानाइड (१० ते १५ मिलिग्रॅम दर किलोला) फक्त मोठ्या जंतांना मारते. ट्रायक्लाबेंडाझोल (१२ मिलिग्रॅम) कोवळ्या जंतांनाही मारते. पहिले औषध दिले असेल तर आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा द्यावे, कारण तोवर यकृतात भटकणारी पिल्ले मोठी होऊन पित्तनलिकेत पोहोचलेली असतात.

आयव्हरमेक्टिनबद्दल गैरसमज फार आहे. ते गोचीड, खरूज आणि गोल जंतांवर उत्तम, पण चपट्या जंतांवर आणि पट्टकृमींवर निरुपयोगी. गोचिडांसाठी एक सुई टोचली आणि ‘जंताचेही झाले’ असे मानले तर भातपट्ट्यातली गाय आतून पोखरतच राहते. शिवाय ते चरबीत साठून दुधात दीर्घकाळ उतरते, म्हणून दुभत्या जनावराला देत नाहीत. शेणातून बाहेर पडणारा त्याचा अंश शेणकिड्यांच्या अळ्यांनाही मारतो.

देण्याच्या रीती

सर्वांत कमी झटापटीची रीत म्हणजे खाद्यातून. फेनबेंडाझोलची गोळी कुटून पूड करावी, ज्वारीच्या पिठात गूळ घालून लिंबाएवढे गोळे करावेत आणि सकाळची वैरण टाकण्याआधी, पोट रिकामेसे असताना द्यावेत. रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नाही. आंबोणात मिसळायचे असल्यास आधी मूठभर पेंडीत कालवून तेवढेच चाटवावे आणि पाटी कोरडी झाल्यावर उरलेले आंबोण घालावे. सगळ्या पाटीत मिसळले तर निम्मे औषध तळाशी राहते. प्रत्येक गूर वेगळे बांधलेले असलेच पाहिजे. एकाच गव्हाणीत टाकल्यास शिंगाळ, दांडगी गाय तिघींचे औषध खाते आणि ज्या कालवडीला खरी गरज असते ती उपाशी राहते.

पातळ औषध पाजण्यासाठी जनावर भिंतीला किंवा कुंपणाला समांतर उभे करतात, म्हणजे त्याला एकाच बाजूला सरकता येते. म्होरकीचा दोर झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका माणसाने हातात धरावा. पक्की गाठ मारू नये. जनावर खाली बसले किंवा पडले तर वेढे सोडता येतात, गाठ मात्र ताणाने आवळत जाते. वेसण ही आवरायला असते, सगळा भार पेलायला नव्हे. नुसत्या वेसणीवर बांधलेल्या बैलाने मान झटकली तर नाकपुडी फाटते. दुसऱ्या माणसाने खांद्याला खेटून उभे राहून एक हात जबड्याखाली घालावा. गाय मागचा पाय बाजूला आणि पुढेही झाडते, त्यामुळे हातभर अंतरावर उभे राहणे जवळ उभे राहण्यापेक्षा धोक्याचे. फार लाथाळ असेल तर तिसऱ्याने शेपटी बुडापाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलावी. मधोमध वाकवली तर शेपटीचा मणका मोडतो.

तोंड डोळ्यांच्या पातळीपर्यंतच उचलावे. आभाळाकडे नाक केलेल्या गाईला गिळता येत नाही, आणि घशात साचलेले औषध सरळ श्वासनळीत जाते. जीभ बाहेर ओढून धरल्यानेही हेच होते. नळी तोंडाच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून जिभेवर टेकवावी आणि दोन-तीन घोट सोडून थांबावे. गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसली की पुढचे घोट. ठसका लागताच डोके ताबडतोब खाली सोडावे, उरलेले औषध नंतर पाजता येते. काचेची बाटली दाढांत फुटते आणि बांबूच्या नळकांड्याची चिरलेली कड गाल कापते. तोंडाला रबरी नळीचा तुकडा बसवलेली प्लास्टिकची बाटली किंवा मोजपट्टीची पिचकारी बरी. जनावर दोराने पाडून, कुशीवर असताना पाजण्याची रीत काही गावांत अजून आहे. ती पूर्ण बंद व्हायला हवी: आडव्या जनावराच्या घशातून औषध फुप्फुसात जाण्याचा धोका फार मोठा असतो, आणि गाभण गाय पाडणे तर दुहेरी संकट.

औषध फुप्फुसात गेल्याची खूण कधी लगेच खोकल्यातून मिळते, कधी दीड-दोन दिवसांनी: ताप, भरभर श्वास, नाकातून घाणेरडा वास, चारा बंद. यावर घरगुती इलाज नाही. त्याच दिवशी पशुवैद्य बोलवावा.

अख्खी गोळी हाताने घशात ढकलताना दाढांखाली बोटे सापडतात. गोळी देण्याची नळी वापरली तरी ती जोराने खोल खुपसली तर घशाला जखम होते. कुटून देणेच उत्तम.

आयव्हरमेक्टिनची एक टक्क्याची सुई दर ५० किलोला १ मिली या मापाने खांद्यापुढच्या सैल कातडीखाली देतात. पाठीवर ओतायचे औषध दर १० किलोला १ मिली, वशिंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत एका रेषेत सोडतात. त्याला जवळपास काहीच धरपकड लागत नाही, म्हणून बुजऱ्या गुरांना ते सोयीचे. पाठ कोरडी आणि चिखलाविना हवी; डुंबणाऱ्या म्हशींना ते लागू पडणे अवघड.

रानातला कळप

अकोले-इगतपुरीकडची डांगी किंवा कोकणातली कपिला गुरे दिवसभर रानात असतात, आणि त्यातल्या कित्येकांना वेसण नसते. अशा ठिकाणी बांबू-बल्ल्यांची चिंचोळी वाट चार माणसे दिवसभरात उभी करू शकतात. मोठ्या गुरासाठी आतली रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर ठेवावी. याहून रुंद वाटेत गूर उलटे वळते आणि मागच्याला शिंगावर घेते. उंची ५ फूट, खांब जमिनीत २ फुटांहून अधिक खोल, लांबी तीन-चार गुरे मावतील इतकी. बाजूंना गोणपाट किंवा पाला लावला की बाहेरची माणसे दिसत नाहीत आणि कळप शांत चालतो. प्रत्येक गुराच्या मागे मांडीच्या उंचीला आडवी बल्ली सरकवतात. ती बांधून न ठेवता खोबणीत ठेवावी, म्हणजे एखादे खाली कोसळले तर क्षणात काढता येते. आठवडाभर आधीपासून वाटेपलीकडे मीठ आणि थोडा भरडा ठेवला तर गुरे आपणहून तिथून जायला शिकतात. काठीने हाकलत पहिल्याच दिवशी घातलेला कळप पुढच्या वेळी त्या जागेच्या जवळही फिरकत नाही.

वासरे आणि रेडके

यांना खोड्याची गरजच नसते. वासराचे ढुंगण कोपऱ्यात टेकवून एक हात जबड्याखाली धरला की पुरे. मात्र वेळ चुकवू नये. वासरांतला मोठा गोल जंत आईच्या दुधातून येतो, रेडकांत विशेष, आणि जन्मानंतर तीन आठवड्यांतच अंडी घालू लागतो. म्हणून पहिली मात्रा दहा ते सोळा दिवसांच्या वयात, पिपेराझिन दर किलोला सुमारे २०० मिलिग्रॅम. मातकट, दुर्गंधी हगवण लागून रेडकू मरायला टेकल्यावर दिलेले औषध बहुधा उशिराचे ठरते. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक देण्याची पद्धत आहे.

वेळ आणि पडताळणी

मोठ्या गुरांना एक मात्रा पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दुसरी पाऊस सरल्यावर. लाळ्या-खुरकुताच्या लसीआधी दोन-तीन आठवडे जंतनाशक दिलेले चांगले. भातपट्ट्यात हिवाळ्यातली मात्रा सोडू नये. औषधाच्या बाटलीवर दूध न विकण्याचा जो काळ छापलेला असतो तो पाळावा.

औषध लागू पडले का हे शेणातूनच कळते. औषधाच्या दिवशी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी, जमिनीवरचे न घेता थेट गुदद्वारातून किंवा पडताक्षणी वरच्या थरातून ५ ते १० ग्रॅम शेण स्वच्छ डबीत घ्यावे, डबीवर गुराची खूण लिहावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावे. दुसऱ्या तपासणीत गोल जंतांची अंडी पहिल्याच्या ९५ टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली असतील, तर आधी वजन आणि मात्रा पुन्हा तपासावी. ती बरोबर असेल तर पुढच्या वेळी वेगळ्या गटाचे औषध घ्यावे. अल्बेंडाझोलच्या जागी फेनबेंडाझोल घेणे म्हणजे बदल नव्हे, दोन्ही एकाच गटातली आहेत.