मासळीचा वास घालवणे

मासळीचा वास घालवणे म्हणजे मासे साफ केल्यावर, तळल्यावर हाताला, भांड्यांना आणि सगळ्या घराला जो उग्र वास राहतो तो घरातल्याच स्वस्त वस्तूंनी काढणे. कोकण, गोवा, मुंबईकडच्या घरांमध्ये हे रोजचंच काम आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं मुख्य औषध आमटीतच पडतं, ते म्हणजे आंबट.

समुद्राच्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नसतो, पण मासा मेला की बॅक्टेरिया त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि हाच तो वास. म्हणून मासा जितका शिळा तितका वास जास्त, आणि अगदी ताज्या पापलेटला जवळपास नसतोच. हा पदार्थ अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट जातीचा आहे, त्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर असं काहीही आंबट लागलं की त्याचा क्षार, म्हणजे मिठासारखा पदार्थ होतो, तो हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत पोचत नाही. बांगडा, सुरमईला आधी मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवतात ते चवीसाठी तर आहेच, पण वासासाठीही आहे. मोरीची, म्हणजे छोट्या शार्कची, गोष्ट थोडी वेगळी, तिच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि त्याचा अमोनिया होतो, म्हणून तिला आंबट जास्तच लागतं. गोड्या पाण्यातल्या माशांना चिखलासारखा वास येतो, तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, त्यालाही आंबट चालतं.

हातांसाठी लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचा चोथा चोळायचा आणि मग साबण. भांड्यांना आधी थंड पाणीच, गरम पाण्याने माशाचं प्रोटीन चिकटून बसतं, मग बेसन चोळायचं कारण ते तेल ओढून घेतं आणि वास बराचसा तेलातच अडकलेला असतो, शेवटी चिंचेचं पाणी. अंड्याच्या भांड्यांनाही बेसन-लिंबू हाच उपाय बऱ्याच घरांत करतात. स्टीलच्या चमच्यावर हात घासले की वास जातो असं खूप लोक सांगतात, पण त्यावर फार भरवसा ठेवू नये, लिंबू घरात असताना तर नाहीच.

सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला दिला जातो तो खाण्याच्या सोड्याचा. सोडा स्वतःच अल्कली, म्हणजे मासळीच्या वासाला त्याचा उपयोग नाही, उलट माशाच्या भांड्याला आधी सोडा लावला तर वास अजून सुटतो. फ्रिजमध्ये दूध नासलं, दही आंबलं तर मात्र वाटीभर सोडा ठेवावा, तो वास आम्लाचा असतो.

तळण्याचा वास ही वेगळीच भानगड, तिथे तेलाचे बारीक थेंब भिंतीवर, पडद्यावर बसतात आणि दोन-दोन दिवस वास देतात. लवंग-दालचिनी किंवा लिंबाच्या साली उकळल्या की घर छान वाटतं, पण तो वास झाकणं झालं, घालवणं नव्हे. त्यापेक्षा तळायच्या आधीच एक्झॉस्ट लावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बाहेरची हवा आत आली नाही तर पंखा नुसताच फिरतो. खरी पंचाईत पावसाळ्यात होते, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून सुके बोंबील, जवळा बाहेर निघतात आणि पावसामुळे खिडक्या बंद, त्यात कोणी बोंबील भाजले की अख्ख्या मजल्याला कळतं आणि शेजारी शाकाहारी असतील तर बोलायलाच नको! भाजण्याआधी खिडकी उघडणं एवढंच काय ते करता येतं.

साफ केलेली घाण, म्हणजे खवले, आतडी वगैरे, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाकायची आणि घंटागाडी आली की द्यायची, रात्रभर डब्यात ठेवली तर लिंबाची अख्खी टोपली पण पुरणार नाही. मासे धुतलेलं पाणी लोक माडाच्या किंवा कढीपत्त्याच्या मुळाशी ओततात, सांडपाण्याच्या मोरीत जात नाही त्यामुळे तिथला वास आपोआप वाचतो. आणि मोरीत ब्लीच टाकून वर व्हिनेगर ओतायचं नाही म्हणजे नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.