पाच कप, सहा जणी

माझी मावसबहीण इंदूरच्या एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स आहे. मागच्या पावसाळ्यात तिची सर्जिकलमधून मेडिकल वॉर्डात बदली झाली. तिथे साडेदहाला चहा येतो, बरोबर जीरावन भुरभुरवलेले पोहे. ड्यूटीवर सहा जणी, कप मात्र पाचच भरले जायचे. भांडण नाही, टोमणा नाही. "माझा कप?" एवढंच विचारायचं होतं, पण ते तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

याला मराठीत रोखठोक शब्द आहे: वाळीत टाकणं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा कायदा तरी आहे. इथे तक्रार करायची तर लिहायचं काय? चहा दिला नाही?

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचं या विषयाकडे लक्ष गेलं ते बागेतल्या एका प्रसंगामुळे. ते कुत्र्याला घेऊन बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी आली, त्यांनी ती परत फेकली, मग तिघांचा खेळ रंगला. थोड्या वेळाने त्या दोघांनी त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. काडीची ओळख नसताना विल्यम्सना ते लागलं. पुढे २०००मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत संगणकावर चेंडूफेकीचा खेळच बनवून प्रयोग केले. काही मिनिटं चेंडू आला नाही की माणसाला आपण कुणाचे नाही असं वाटू लागतं, स्वतःची किंमत आणि परिस्थितीवरची पकड गेल्यासारखी वाटते, आपण असून नसल्यासारखे होतो. समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, असं सांगूनही लोकांना वाईट वाटलं, हे २००४च्या प्रयोगात दिसलं. २००३मध्ये अशाच खेळात मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग जागा झालेला आढळला. "दुर्लक्ष म्हणजे मारच" असे मथळे त्यावरून झळकले. मला ते जरा उतावीळ वाटतात, कारण मेंदूचा तो भाग इतरही बरीच कामं करतो.

वाळीत पडलेला माणूस वागतो कसा? कुणी जास्तच गोड होतं: बहिणीने दुसऱ्यांच्या दोन नाइट घेतल्या, घरून नारळाच्या वड्या नेल्या. वड्या संपल्या, कप पाचच राहिले. कुणी चिडून उलट वागतं. आणि बरेच जण गप्प होतात. ग्रीक संशोधकांनी २०१६मध्ये नर्सेसवरच केलेल्या अभ्यासात हेच आढळलं: आपल्याला बाजूला टाकलंय असं जिला वाटतं, तिला ते इस्पितळ आपलं वाटेनासं होतं आणि ती बोलायचं टाळते.

वॉर्डात हे गप्प होणं महागात पडतं, कारण अर्धी माहिती फाइलमध्ये नसतेच. कुणाची शीर सापडत नाही, कुणाचा मुलगा डॉक्टरांशी हुज्जत घालतो, हे सगळं चहावर बोललं जातं. एकदा चार्टवरचा डोस बहिणीला नीट वाचता येईना. शेजारी तिघी उभ्या होत्या. तिने त्यांना विचारलं नाही, जिना उतरून फार्मसीत गेली आणि खात्री करून आली. वीस मिनिटं गेली.

एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात इस्पितळांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील असा तिचा अंदाज होता. निघालं उलटं: चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या. तिथल्या नर्सेस चूक झाली तर बोलून दाखवत होत्या, म्हणून आकडा मोठा दिसत होता. १९९६मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून चुकांच्या कोऱ्या रजिस्टरवर माझा तरी विश्वास राहिलेला नाही.

दिवाळीनंतर तिच्या वॉर्डात नव्या सिस्टर इन्चार्ज आल्या. चहाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सेसना पेशंटचा हवाला, टेबलापाशी द्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून प्रत्येक बेडपाशी जाऊन द्यायचा, एवढं त्यांनी ठरवलं. पहिल्याच दिवशी सात नंबरच्या आजींपाशी एक जण सहज म्हणाली, "ह्यांना तोंड उघडायला लावा हं, बीपीची गोळी गालात धरून ठेवतात, मग उशीखाली." बाकीच्यांना ते आठवडाभर ठाऊक होतं. बहीण त्या आठवड्यात रोज गोळी आजींच्या हातावर ठेवून चार्टवर सही करत होती, आणि बीपी उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते.