कागदात रुतलेली अक्षरं: लेटरप्रेस स्टेशनरीची पार्श्वभूमी

जुन्या छापखान्यात एखाद्या शिकाऊ पोरानं आजच्यासारखं ‘लेटरप्रेस’ कार्ड, म्हणजे उठावदार अक्षरांना शाई लावून ती कागदात खोल दाबून छापलेलं कार्ड, फोरमनच्या टेबलावर ठेवलं असतं, तर त्याला चांगलीच बोलणी बसली असती. फोरमननं आधी कार्ड उलटं केलं असतं आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं असतं. अक्षरांचे उंचवटे बोटाला लागले, म्हणजे दाब जास्त झाला. मग मशीनचं पॅकिंग (छापायच्या कागदामागची कागदांची गादी) काढा, पुन्हा लावा, पुन्हा प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप काढा. कागदाला शाई लागावी, पण खिळा (छपाईचं धातूचं अक्षर) लागल्याचं कळू नये, अशी चांगल्या छपाईची खूण होती.

आज हातानं छापलेल्या स्टेशनरीचा संग्रह बाजारात आणणारा छोटा मुद्रक नेमकी तीच रुतलेली अक्षरं विकतो. गिऱ्हाईक कार्ड उचलतं, उजेडात तिरकं धरतं, खोलगट अक्षरांवरून अंगठा फिरवतं आणि मग पाकीट काढतं. फोरमननं केरात टाकला असता तो माल उत्तम माल कसा ठरला, त्याची ही हकिगत.

खिळा जवळून पाहिला, की फोरमनचा राग समजतो. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेली ही चौकोनी कांडी. इंग्लंड-अमेरिकेत तिची उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर. एका टोकाला उलटं अक्षर. शिसं मुळात मऊ, म्हणून कडकपणासाठी अँटिमनी घालायचा. तरीही हातातून सुटून फरशीवर पडला, की अक्षराची कड गेलीच म्हणून समजा. अक्षरातल्या बारीक रेषा केसाएवढ्या असतात. दाब वाढवला की आधी त्या झिजतात आणि मग तुटतात. खिळे हे छापखान्याचं भांडवल. ते कार्ड सुंदर दिसावं म्हणून कोण उडवेल? शिवाय कागद दोन्ही बाजूंनी छापायचा असला, तर एका बाजूचे उंचवटे दुसऱ्या बाजूच्या मजकुरात घुसतात.

लाकडी हातप्रेसच्या काळात मात्र कागदात ठसा उमटणं टाळता येत नसे. कागद आधी ओला करून घ्यायचे, कारण कोरड्या, खरबरीत कागदावर शाई नीट बसत नव्हती. ओला कागद खिळ्यांखाली दबायचाच. मग छापलेले ताव वाळवून दाबाखाली ठेवायचे, म्हणजे उंचवटे बऱ्यापैकी बसत. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याच्या फार पुढे गेला. त्यानं १७५७ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं, तेव्हा पॅकिंग कडक ठेवलं, नव्या पद्धतीचा गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून सपाट केले. कागदाला इस्त्री केली म्हणा ना. आज ज्या ठशासाठी जादा पैसे मोजले जातात, तो घालवण्यासाठी त्या काळच्या सर्वांत चोखंदळ मुद्रकानं इतका खटाटोप केला होता.

स्टेशनरी म्हणून जे छापलं जातं, त्याचा आणि पुस्तकछपाईचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा. गुटेनबर्गचं ४२ ओळींचं बायबल १४५५ च्या सुमारास पूर्ण झालं. पण तारीख असलेला युरोपातला सर्वांत जुना खिळाछापील कागद त्याआधीचा, १४५४ चा आहे, आणि तो म्हणजे चक्क एक फॉर्म. चर्चकडून मिळणाऱ्या पापक्षमेचं प्रमाणपत्र. मजकूर छापलेला, नाव आणि तारीख हातानं भरायला जागा मोकळी. ‘स्टेशनर’ हा शब्द त्याहूनही जुना. मध्ययुगीन विद्यापीठांजवळ एका जागी बसून पुस्तकं विकणारे किंवा नकलेसाठी भाड्यानं देणारे, ते स्टेशनर. फिरस्त्या विक्रेत्यापासून त्यांना वेगळं ओळखायचं ते एवढ्याच कारणानं, की त्यांचं दुकान एका जागी असे. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ मध्ये राजाज्ञा मिळाली. पुढे शब्द कागद-शाईला चिकटला तो कायमचा.

छोट्या धंद्याला स्वतःचं यंत्र मिळालं ते एकोणिसाव्या शतकात. पुस्तकांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी यंत्रं अजस्र होत चालली होती. लंडनचं ‘टाइम्स’ २९ नोव्हेंबर १८१४ ला वाफेच्या यंत्रावर छापलं गेलं. पण पावत्या, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, निमंत्रणं ही किरकोळ जॉबवर्कची कामं त्यावर परवडत नव्हती. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉर्ज फिनियस गॉर्डननं पायानं चालणारं उभं यंत्र बाजारात आणलं. त्याची कल्पना म्हणे बेंजामिन फ्रँकलिननं स्वप्नात येऊन सांगितली! स्वप्नाचं राहू द्या, यंत्र मात्र असं जमलं होतं, की त्याच्या नकला जगभर निघाल्या आणि क्लीव्हलंडच्या चँडलर अँड प्राइस कंपनीनं त्याच घडणीची यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या विकली.

आपण ज्याला ट्रेडल म्हणतो, ते हेच. शिंपल्यासारखं उघडतं आणि मिटतं. डोक्यावर शाईची गोल तबकडी. प्रत्येक फेरीला ती थोडी फिरते आणि रूळ तिच्यावरून शाई घेऊन खाली खिळ्यांवर उतरतात. पाय पायटावर चालत असतो. उजव्या हातानं कोरा कागद ठेवायचा, डाव्या हातानं छापलेला काढायचा. मिटायच्या आत हात बाहेर निघालाच पाहिजे, त्यात चुकारपणा चालत नाही. ताल जमला नाही, तर डाव्या बाजूचा दांडा सरकवून त्या फेरीचा दाब सोडायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा सुरू करायचं. आज लेटरप्रेसवर धंदा करणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच घडणीच्या जुन्या, दुरुस्त करून घेतलेल्या यंत्रावर काम करतात.

छापायला यंत्र मिळालं, तरी छापलेलं धाडायची सोय लागते. ती सोय ब्रिटनमध्ये १८४० च्या टपाल सुधारणेनं झाली. त्याआधी टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्र घडी घालून त्याच्याच पाठीवर पत्ता लिहायची रीत होती. आता एका पेनीत अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र कुठंही जाऊ लागलं आणि पाकीट परवडू लागलं.

त्या वर्षीचा एक किस्सा नवा संग्रह काढणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. टपाल खात्यानं मे १८४० मध्ये ‘पेनी ब्लॅक’ या पहिल्या टपाल तिकिटाबरोबरच स्वतःची सचित्र पाकिटं आणि पत्रकागदही विक्रीला काढले. चित्र विल्यम मलरेडी या नावाजलेल्या चित्रकाराचं, कोरीवकाम कसलेल्या कारागिराचं, कागदात रेशमाचे धागे घातलेले, छपाई लेटरप्रेसची. मधोमध ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, ब्रिटानिया, बसलेली आणि ती जगभर दूत पाठवते आहे, आजूबाजूला हत्ती, उंट, जहाजं. लोकांनी पाहिलं आणि खो-खो हसले. रोजच्या साध्या पत्रासाठी एवढा बडेजाव कोणालाच नको होता. ज्या स्टेशनरी दुकानदारांच्या पोटावर सरकारी पाकिटांमुळे पाय आला होता, त्यांनी विडंबनं छापून विकली. थोड्याच काळात मलरेडीची पाकिटं मागे घ्यावी लागली आणि उरलेला प्रचंड साठा नष्ट करावा लागला. बोटाच्या पेराएवढं साधं तिकीट मात्र टिकलं. पाकिटांची मागणी वाढतच गेली. एडविन हिल आणि वॉरन डे ला रू यांनी १८४५ मध्ये पाकिटं घडी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोक ते पाहायला गर्दी करत होते.

या सगळ्यात लेटरप्रेसला प्रतिष्ठा होती का? फारशी नाही, आणि आजच्या जाहिराती वाचताना हे विसरायला होतं. खानदानी निमंत्रण किंवा व्हिजिटिंग कार्ड छापायचं, तर ते तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरून. खोदलेल्या रेषांतली शाई कागदावर किंचित उठून बसते. बोट फिरवलं, की मोठेपण हाताला लागतं. लेटरप्रेसवर छापायची ती दुकानाची बिलं आणि नाटकाच्या जाहिराती. ज्यांना कोरीवकाम परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी विसाव्या शतकात ओल्या शाईवर राळेची पूड भुरभुरून ती तापवून फुगवायची युक्ती निघाली. म्हणजे बोटाला काहीतरी लागलं पाहिजे ही हौस जुनीच. फक्त तेव्हा अक्षर वर आलेलं हवं होतं आणि आता आत गेलेलं हवं आहे.

आत गेलेल्या अक्षराला मान देण्याची सुरुवात इंग्लंडचा कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस याच्यापाशी सापडते, असं मला वाटतं. यंत्रयुगाच्या गुळगुळीत, फिकट छपाईला वैतागून त्यानं १८९१ मध्ये केल्मस्कॉट प्रेस हा स्वतःचा छापखाना काढला. हातानं बनवलेला चिंध्यांचा कागद, तो ओला करायचा, घट्ट काळी शाई, लोखंडी हातप्रेस. त्याची अक्षरं कागदावर तरंगत नाहीत, ती कागदात बसलेली दिसतात. त्याच्या वाटेनं निघालेल्या छोट्या खासगी प्रेसांनी ही आवड जपली. पण ती पुस्तकवेड्यांची आवड होती, बाजाराची नव्हे.

बाजार तर उलटाच चालला होता. अमेरिकेत १९०४ च्या सुमारास आयरा रुबेलच्या यंत्रात एकदा कागद जायचा राहिला, मजकूर खालच्या रबरावर उमटला आणि पुढचा कागद त्या रबरावरून जास्त स्वच्छ छापला गेला. ही ऑफसेट छपाई, आणि अक्षरं फोटोच्या पद्धतीनं जुळवणारी फोटोजुळणी आल्यावर तर खिळ्यांची गरजच संपली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिळे भंगारात वितळले आणि यंत्रं वजनावर गेली. जी ट्रेडलं वाचली, ती पावत्यांवर नंबर टाकायला, फाडायच्या रेषेवर बारीक भोकं पाडायला, खोक्यांचा पुठ्ठा कापायला. रॉबर्ट व्हँडरकुकच्या शिकागोतल्या कंपनीची प्रूफ काढायची यंत्रं कलाशाळांनी स्वस्तात उचलली. नव्या पिढीच्या हाताला लेटरप्रेस लागला तो पुष्कळदा तिथंच.

मग १९९० च्या दशकात घरसजावटीसाठी प्रसिद्ध अमेरिकन लेखिका मार्था स्टुअर्ट यांच्या लग्नविषयक मासिकात जाड कागदावर खोल दाबून छापलेली निमंत्रणं दिसू लागली, आणि गिऱ्हाईक तसंच मागू लागलं. मागणी पुरवता आली ती पॉलिमरच्या पाटीमुळे. ही पाटी खरं तर मोठ्या छपाईउद्योगासाठी निघालेली. संगणकावरच्या आराखड्याची निगेटिव्ह काढायची, तिच्यातून अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाश लागेल तेवढा भाग कडक होतो, बाकीचा पाण्यानं धुऊन निघतो. पाटी धातूच्या ठोकळ्यावर चिकटवली, की उंची बरोबर खिळ्याएवढी. ती झिजली तर दुसरी करून घ्यायची, त्यामुळे दाबाला घाबरायचं कारण उरलं नाही. कागदही बदलला: कापसाच्या लगद्याचा, बिनचकाकीचा, ३०० ते ६०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). तो न ओलावताही दाब पोटात घेतो.

यंत्राचा हिशोब मात्र तोच राहिला. पाटी चौकटीत आवळणं, शाई मिसळणं, जिथं अक्षर फिकं येतं तिथं खाली पातळ कागदाचे तुकडे डकवणं, याला कार्डं पन्नास असोत की पाचशे, वेळ सारखाच लागतो. प्रत्येक रंगाची वेगळी फेरी. लेटरप्रेसच्या संग्रहात एक-दोन रंगांचीच कार्डं जास्त दिसतात, ती केवळ साधेपणाच्या आवडीपायी नव्हे. जुना जॉबप्रिंटर ऑर्डर आल्यावर छापायचा. संग्रह काढणारा आधी छापतो आणि गठ्ठे मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. मलरेडीच्या पाकिटांवर आलेली वेळ त्याच्यावर येऊ शकते, ती इथंच.

आणि पाकिटावर फोरमनचं राज्य अजून आहे. तयार पाकिटात कागदाचे थर कुठं दोन, कुठं तीन. खोल दाब दिला, तर सांधे छपाईत उमटतात. म्हणून झडप उघडून, पॅकिंग कमी करून, पाठवणाऱ्याचा पत्ता हलक्या हातानं छापतात. एकाच संचातलं कार्ड अंगठ्याला खोलगट लागतं आणि त्याचं पाकीट पार सपाट.