पॉइंट टू टू : स्वस्त रायफल आणि अचूकतेचा हिशेब

50 मीटरच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यावर झाडली जाणारी गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची. इतक्या कडक कसोटीची नेमबाजी ज्या काडतुसावर चालते, ते .22 लाँग रायफल (.22, म्हणजे ‘पॉइंट टू टू’, हे इंचातलं माप) हे जगातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळ्या काडतुसांपैकी एक आहे. परदेशात आज हौशी माणसं साधी .22 रायफल घेतात, तिची नळी बदलतात, चाप हलका करतात, दस्ता नीट बसवतात आणि मग शेकडो गोळ्या झाडून ती किती नेमकी मारते ते तपासतात. हा छंद समजून घ्यायचा तर या काडतुसाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो. कारण पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, याचं उत्तर त्या प्रवासातच आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. 1845 मध्ये लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक कारागिराने ठासणीच्या बंदुकीला लागणारी तांब्याची टोपी घेतली आणि तिच्या तोंडात शिशाचा छोटा गोळा बसवला. वेगळी दारू नव्हतीच. टोपीतला स्फोटक मसालाच गोळी ढकलायचा. जोर इतका कमी, की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लक्ष्य लावून नेमबाजीचा खेळ खेळला जाई. पुढे अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी 1857 मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .22 शॉर्ट हे काडतूस आणलं. त्यात दारू आली, लांबट गोळी आली, मसाला मात्र पुंगळीच्या कडेतच राहिला. 1887 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स इथल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने थोडी लांब पुंगळी आणि 40 ग्रेनची, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅमची गोळी एकत्र आणली. हेच .22 लाँग रायफल. त्याची मापं आजही जवळपास तीच आहेत.

हे काडतूस हातात घेऊन बुडाकडून पाहिलं तर मधोमध टोपी दिसत नाही, नुसती सपाट पितळ दिसते. बुडाभोवती जी बारीक कड बाहेर आलेली असते, ती आतून पोकळ असते. कारखान्यात ओला मसाला पुंगळीच्या तळाशी टाकतात आणि वेगाने गरगर फिरवून त्या पोकळ कडेत पसरवतात. रायफलीची पिन कडेवर आपटते, पितळ चेपते, मसाला पेटतो. कड चेपली जायला हवी म्हणून पितळ पातळ ठेवावी लागते, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो. दाब कमी, म्हणून रायफलही फार मजबूत असण्याची गरज नाही. साधं पोलाद, साधा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा), पुढे तर ॲल्युमिनियमची चौकटसुद्धा चालून गेली. .22 स्वस्त का, याचं मूळ इथे आहे.

आणि तिच्या अचूकतेची अडचणही इथेच आहे. मोठ्या रायफलीचा हौशी नेमबाज रिकामी पुंगळी पुन्हा भरतो. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतो, गोळी किती खोल बसवायची ते स्वतः ठरवतो, आपल्या नळीला साजेल असं काडतूस घरी बनवतो. रिमफायरमध्ये, म्हणजे कडेत मसाला असलेल्या या काडतुसात, हा रस्ता बंद आहे. चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. कारखान्याने जे दिलं तेच झाडायचं. त्यामुळे हातात एकच गोष्ट उरते : निवड. वेगवेगळ्या गोळ्या झाडून बघायच्या आणि आपल्या नळीला कुठली मानवते ते शोधायचं.

याचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. सेकंदाला सुमारे 320 मीटर वेगाची गोळी 50 मीटरपर्यंत जाताना गुरुत्वाकर्षणाने साधारण 12 सेंटिमीटर खाली येते. त्याच डब्यातली दुसरी गोळी सेकंदाला 10 मीटरने मंद निघाली, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. म्हणजे नेमबाजाने श्वास, नजर, बोट सगळं बिनचूक सांभाळलं, तरी एका गोळीत मसाला किंचित कमी पसरला एवढ्या कारणाने गुण जाऊ शकतो. सामन्यांच्या महागड्या गोळ्यांत पैसा जातो तो याच एकसारखेपणासाठी. त्यांचा वेगही मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरपेक्षा, कमी ठेवतात. जास्त वेगाची गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना डळमळते आणि वाऱ्याने जास्त ढकलली जाते. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ पाहून खूश होणाऱ्या नवख्याला हे पटायला वेळ लागतो.

स्वस्तपणाला सामाजिक वजन आलं ते ब्रिटनमध्ये. बोअर युद्धात (1899–1902) दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश सैन्याला हादरवलं. सामान्य कामगाराला नेम धरायला शिकवलं पाहिजे, असा विचार जोर धरू लागला, आणि 1901 मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली. भारतात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स या चळवळीचे मोठे पाठीराखे होते. मोठ्या रायफलीची गोळी कामगाराला परवडणारी नव्हती आणि गावात तिच्यासाठी मैदानही नव्हतं. .22 मात्र शाळेच्या, चर्चच्या, गिरणीच्या हॉलमध्ये 25 यार्डांवर झाडता येई. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्मॉलबोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या .22 च्या, स्पर्धा आल्या त्या याच लाटेवर.

काटकसरीत रायफल उभी करण्याची खरी परंपरा मला या क्लबांत दिसते. लष्कराच्या जुन्या मार्टिनी रायफली .22 मध्ये बदलल्या गेल्या. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर यांच्या कंपनीने, जी पुढे पार्कर-हेल म्हणून नावाजली, झिजलेल्या नळीत आतून नवी आटेदार बारीक नळी बसवायची पद्धत लोकप्रिय केली. चौकट जुनी, दस्ता जुना, बदललं फक्त गोळी जिथून जाते ते भोक. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना कळलं होतं की पैसा घालायचा तो नळीत. आजच्या पुष्कळ हौशींना ते कळत नाही. ते आधी रंगीत दस्ता घेतात, मग भली मोठी दुर्बीण घेतात आणि नळीपाशी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.

त्या काळी नळ्या झिजायच्या, त्यापेक्षा जास्त गंजायच्या. मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे जो क्षार राहतो तो हवेतला ओलावा ओढतो. .22 मध्ये दारू इतकी थोडी की तो क्षार तिच्याबरोबर बाहेर फेकला जात नसे. त्याच दिवशी नळी धुतली नाही तर आत खड्डे पडत. जर्मनीत न गंजवणारा मसाला आधी निघाला होता. 1926 मध्ये रेमिंग्टनने ‘क्लीनबोअर’ नावाने तसाच मसाला अमेरिकेत आणला आणि चांगली नळी वर्षानुवर्षं टिकू लागली. नळी टिकते म्हटल्यावरच तिच्यावर जास्त पैसे खर्च करण्यात अर्थ राहिला.

त्याआधीच, 1919 च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत विंचेस्टरची मॉडेल 52 दिसली होती. केवळ लक्ष्यभेदासाठी रचलेली ही .22 अनेक दशकं मानदंड ठरली. युरोपात 1856 पासून रायफली बनवणारं आन्शुट्झ घराणं महायुद्धानंतर थुरिंगिया सोडून उल्म शहरात नव्याने उभं राहिलं, आणि 1950 च्या दशकापासून ऑलिंपिकच्या रांगेत त्यांच्या रायफली जास्तीत जास्त दिसू लागल्या. या रायफली मोठ्या पैशाच्या आहेत, त्यामुळे इथे त्यांच्यावर जास्त रेंगाळत नाही.

अचूकता मोजायची कशी, हा प्रश्न वेगळ्याच माणसाने हातात घेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी गोळी लक्ष्यावरून का भरकटते हे शोधण्यात आयुष्याची कित्येक दशकं घालवली. माणसाची चूक वगळायची म्हणून त्यांनी जाडजूड नळ्या कड्यांमध्ये बसवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या खाचेत ठेवल्या आणि ती खाच काँक्रीटच्या अशा बैठकीवर घट्ट केली, की तिला ते ‘शूटिंग जिब्राल्टर’ म्हणत. 1909 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग मुख्यतः मोठ्या काडतुसांचे होते, पण नळी पक्की धरा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक भोकाची नोंद ठेवा, ही शिस्त रिमफायरने त्यांच्याकडूनच उचलली.

आज त्या शिस्तीचं सर्वांत नीटनेटकं रूप गोळ्यांच्या कारखान्यांत दिसतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एलीचं आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआचं परीक्षण केंद्र आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो. दस्ता काढून नळी आणि बोल्टचा भाग शिकंजात आवळला जातो. बंदिस्त बोगद्यात वारा नसतो. एकाच नावाच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एकेका खेपेत बनलेले साठे, एकामागून एक झाडले जातात आणि प्रत्येक गोळीची जागा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नोंदली जाते. पुंगळीवर नाव तेच, डबा तोच, किंमत तीच, तरी एका लॉटचा गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, दाट आणि दुसऱ्याचा विस्कटलेला येतो. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीत नेमकं उलटंही होऊ शकतं. लॉट जुळला की तो जमेल तेवढा एकदम विकत घ्यायचा. प्रत्येक लॉट झाडण्याआधी काही गोळ्या वाया घालवाव्याच लागतात, कारण शिशाच्या गोळीवरचं वंगण निराळं असू शकतं आणि नव्या वंगणाचा थर नळीत बसेपर्यंत गट स्थिरावत नाही.

घरच्या बजेटात रायफल बदलण्याची लाट आणली ती 1964 मध्ये आलेल्या रुगर 10/22 ने. किंमत 54.50 डॉलर. दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझिन सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण छंदाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढे आहे. बहुतेक स्वस्त रायफलींची नळी चौकटीत दाबून किंवा आट्यांनी घट्ट बसवलेली असते. रुगरने ती एका छोट्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी आवळली. कारखान्यात जोडणी सोपी व्हावी म्हणून केलेल्या या रचनेने नळी बदलणं सामान्य माणसाच्या हातात आलं. पुढच्या दशकांत आयोवाची वोल्क्वार्टसेन, न्यू हॅम्पशायरची ग्रीन माउंटन अशा कंपन्या नळ्या, चाप, बोल्ट विकू लागल्या, आणि एकही भाग मूळ कंपनीचा नसलेली ‘10/22’ जुळवता येण्यापर्यंत मजल गेली. झेक सीझेड कंपनीच्या 455 आणि नंतरच्या 457 या बोल्टच्या रायफलींनीही नळी बदलण्याची सोय दिली. माझ्या मते मर्यादित पैशात अचूकता हवी असणाऱ्यासाठी बोल्टची रायफलच बरी, कारण आपोआप भरणाऱ्या रायफलीत काडतूस बिनअडथळा आत जावं म्हणून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, थोडं सैल ठेवावं लागतं. गेल्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या एनआरएल22 या क्लब-स्पर्धांनी तर रायफल आणि दुर्बीण मिळून किमतीची मर्यादा घातलेला वेगळा गटच ठेवला.

या लाटेबरोबर एक वाईट सवयही आली. पाच गोळ्या एका भोकात गेलेला कागद जपून ठेवायचा आणि रायफल तेवढी अचूक आहे असं सांगायचं. पाच गोळ्यांचा एक गट म्हणजे फार थोडी माहिती. त्याच रायफलीने, त्याच गोळ्यांनी पुन्हा पाच झाडल्या तर गट सहज पाव भागाने लहान-मोठा येतो. तीन गोळ्यांचा गट सरासरीने आणखी लहान येतो. दहा गोळ्यांचा गट पाचांच्या गटापेक्षा सरासरीने साधारण पावपट मोठा निघतो. यात रायफलीचा काही दोष नाही, शक्यतेचं गणितच तसं आहे. म्हणून जाणते लोक ओळीने अनेक गट झाडतात, एकही कागद फेकून देत नाहीत आणि सरासरी सांगतात. नवी नळी बसवल्यावर सुधारणा झाली असं म्हणायचं तर जुन्या नळीचेही तितकेच गट, त्याच लॉटने, शांत हवेत झाडलेले हवेत. रायफल जुळवण्याच्या खर्चात या गोळ्यांची किंमत आधीच धरली पाहिजे.

आपल्याकडे ही वाट वेगळी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. परवान्याशिवाय नळी बाळगणं, बनवणं किंवा रायफलीत फेरफार करणं गुन्हा आहे. अमेरिकेत टपालाने घरी येणारी नळी इथे परवान्याच्या कक्षेत येते, त्यामुळे घरी रायफल जुळवण्याचा छंद इथे रुजलाच नाही. .22 शी इथल्या बहुतेकांची पहिली ओळख एनसीसीच्या फायरिंगला होते, लष्करी नमुन्याच्या जुन्या बोल्ट रायफलीवर. तिथेही पहिला धडा ग्रुपिंगचाच असतो : गोळ्या कुठे लागल्या ते नंतर, आधी त्या जवळजवळ लागल्या का ते पाहा.

संघटित खेळ मात्र इथे लवकर उभा राहिला. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना 1951 ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. 50 मीटर .22 मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला प्रोन (पालथं झोपून) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. 2024 मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं.

बालेवाडीच्या रेंजवर 50 मीटरच्या रांगेत सराव करणाऱ्या मुलामुलींपुढे आजही तोच प्रश्न असतो. चांगली आयात रायफल लाखांत जाते, ती कुणाकडून तरी वापरलेली मिळते किंवा क्लबची असते. सामन्याच्या गोळ्याही आयात होतात, कोट्याने मिळतात, आणि आपल्या नळीला जुळणाराच लॉट हाती लागेल याची खात्री नसते. युरोपात स्पर्धेला गेलेले भारतीय नेमबाज म्हणूनच रायफल घेऊन परीक्षण केंद्राची वेळ मागून घेतात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी क्लबात निदान दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे एकत्र मागवावेत, प्रत्येकाने आपापल्या रायफलीतून ते आधार देऊन झाडून पाहावेत आणि ज्याला जो जुळेल तो त्याने घ्यावा. यासाठी नवीन रायफल लागत नाही, फक्त नोंदवही आणि क्लबची संमती लागते.