सांतोरिनीची नारिंगी खाडी: गंधक नव्हे, गंज

सांतोरिनीच्या बोटसफरीचे व्हिडिओ अलीकडे सगळ्यांच्या फोनवर फिरतात. निळ्याशार समुद्रात एक लाकडी बोट थांबते, लोक धडाधड उड्या मारतात आणि पोहत पोहत एका मातकट नारिंगी खाडीत शिरतात. खाली हमखास ओळ असते: ‘गंधकाचे गरम झरे, त्वचारोगांवर रामबाण.’ यातला एकही भाग धड खरा नाही. तो रंग गंधकाचा नाही, पाणी गरम म्हणावं इतकं गरम नाही आणि रामबाण तर मुळीच नाही. मात्र त्या खाडीत जे घडतं ते या जाहिरातीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आधी जागा समजून घेऊ. सांतोरिनी, म्हणजे ग्रीकांचं थिरा, हे एक बेट नाही. थिरा, थिरासिया आणि चिमुकलं आस्प्रोनिसी हे एका मोडक्या कड्याचे तीन तुकडे आहेत. मध्ये साधारण 11 किलोमीटर लांब आणि 7 किलोमीटर रुंद पाणी आणि त्या पाण्याच्या मधोमध दोन काळी बेटं: पालेआ कामेनी आणि नेआ कामेनी, म्हणजे ‘जुनी जळलेली’ आणि ‘नवी जळलेली’. आफ्रिकेचा भूपट्ट एजियन समुद्राखाली सरकतो, त्यातून तयार झालेल्या ज्वालामुखींच्या कमानीतला हा एक.

मधल्या पाण्याला बहुतेक जण ज्वालामुखीचं तोंड समजतात. ते तोंड नाही, कोसळलेलं छप्पर आहे. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराला इथे प्रचंड उद्रेक झाला. जमिनीखालची शिलारसाची कोठी झपाट्याने रिकामी झाली, वरच्या खडकाला आधार उरला नाही आणि तो खाली बसला. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. सांतोरिनीत हे एकदाच झालेलं नाही. आजचा कॅल्डेरा अशा अनेक कोसळण्यांचा मिळून झालेला आहे. बोटीतून कड्याकडे पाहिलं की काळे, तांबडे, राखाडी पट्टे एकावर एक दिसतात आणि सगळ्यात वर पांढुरकी साय असते, ती त्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची राख आणि प्युमिस. टाचा घासायला बाजारात जो हलका दगड मिळतो, तोच हा प्युमिस. सुएझ कालव्याच्या बांधकामात सिमेंटसाठी याच बेटावरचा माल गेला होता.

कडे पाण्यावर सुमारे 300 मीटर उठतात आणि पाण्याखाली तितकेच सरळ उतरतात. तळ काही ठिकाणी 390 मीटरवर आहे. म्हणूनच मोठी क्रूझ जहाजं फिरा गावाखाली नांगर टाकू शकत नाहीत आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणतात. दिवसभराच्या सफरी आथिनिओस बंदरातून किंवा फिराखालच्या जुन्या धक्क्यावरून सुटतात. जुन्या धक्क्यावर उतरायला केबलकार आहे, नाहीतर जवळजवळ 600 पायऱ्या. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. तो चढला की सफर रद्द होते किंवा मार्ग बदलतो, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही सफर ठेवू नये.

पहिला थांबा नेआ कामेनी. धक्क्यावर वेगळं तिकीट असतं. तिथून विवरांपर्यंत वीस ते तीस मिनिटांचा चढ. उंची जेमतेम 127 मीटर, पण पायाखाली सुटी खडी सरकते आणि सावलीचं नाव नाही. चपला-सँडल चालत नाहीत, पायाला बंद बूट हवेत आणि माणशी लिटरभर पाणी. हे बेट अगदी तरुण आहे: 1707 मध्ये समुद्रातून वर यायला लागलं, पुढे 1866 ते 1870, मग 1925 ते 1928 आणि 1939 ते 1941 असं वाढत गेलं. शेवटचा छोटा उद्रेक 1950 चा. इथला लाव्हा डेसाइट जातीचा. त्यात सिलिका जास्त, म्हणून तो घट्ट. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ वाहिला आणि त्याचे लांबरुंद सपाट थर झाले. डेसाइट मात्र जागेवरच ढेकळांसारखा फुटत पुढे ढकलला जातो. काळे, धारदार, वेडेवाकडे दगड दिसतात ते त्यामुळे. विवराच्या काठावर फटींतून 90 अंशांच्या आसपासची वाफ येते. तिच्यासोबत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून फटीत तोंड घालून फोटो काढू नये. 1650 मध्ये जवळच्या कोलुम्बो या पाण्याखालच्या ज्वालामुखीने सोडलेल्या वायूंनी सांतोरिनीच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे 70 माणसं आणि कितीतरी गुरं गेली.

आता ती नारिंगी खाडी. पालेआ कामेनीला एक अरुंद, आत घुसलेली घळ आहे. काठाला संत निकोलसचं पांढरं छोटं देऊळ. बोट घळीच्या बाहेरच थांबते, कारण आत उथळ आहे. तिथून तीस-पन्नास मीटर पोहायचं असतं आणि बोटीखालचं पाणी खोल व थंड असतं. मे महिन्यात ते 19-20 अंशच भरतं. पोहण्याची खात्री नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्यावं, लाजू नये. दम लागतो तो अंतरामुळे नाही, थंड पाण्यात अचानक उडी मारल्यामुळे. आत गेल्यावर पाणी 30 ते 35 अंश लागतं, म्हणजे कोमट. कोमट पाणी हलकं असल्याने वरच तरंगतं. छातीला ऊब आणि पायांना गारवा, अशी गंमत होते.

रंगाचं मूळ तळाशी आहे. समुद्राचं पाणी खडकाच्या भेगांतून खाली झिरपतं, तापतं आणि खालून येणारा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. सोड्याच्या बाटलीतल्यासारखं ते आंबट होतं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. समुद्राचा पीएच 8.1, तर या झऱ्यांच्या पाण्याचा 6 च्या जवळपास. असं आंबट, गरम आणि ऑक्सिजन नसलेलं पाणी लाव्हातलं लोह विरघळवून घेतं. विरघळलेलं लोह ‘फेरस’ रूपात असतं, म्हणजे प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले. या रूपात पाण्याला रंगच नसतो. झऱ्याच्या तोंडाशी पाणी नितळ असू शकतं.

हे दृश्य कोकणात-विदर्भात अनेक घरांत दिसतं. काही बोअरचं पाणी बादलीत काढलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ असतं, तासा-दोन तासांत पिवळसर होतं आणि सकाळी बादलीच्या बुडाशी तांबूस गाळ बसतो. रसायन तेच. हवेतला ऑक्सिजन लोहाचा तिसरा इलेक्ट्रॉन काढून घेतो, ‘फेरस’चं ‘फेरिक’ होतं आणि फेरिक लोह साध्या पाण्यात विरघळलेलं राहू शकत नाही. ते पाण्याशी जोडून हायड्रॉक्साइड बनतं. हाच ओला गंज.

खरी मजा वेगात आहे. या क्रियेचा वेग पीएचवर असा काही अवलंबून असतो की पीएच एकाने वाढला तर वेग जवळजवळ शंभरपट होतो. कारण वेग पाण्यातल्या हायड्रॉक्साइड आयनांच्या (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) प्रमाणाच्या वर्गावर चालतो आणि पीएच एकाने वाढणं म्हणजे ते आयन दहापट होणं. दहाचा वर्ग शंभर. पीएच 6 च्या पाण्यात लोह हवा लागूनही कित्येक तास, अगदी दिवसभरही टिकतं. समुद्राच्या 8 पीएचला त्यातलं निम्मं दोन-चार मिनिटांत गंजून जातं. म्हणजे झऱ्याचं पाणी समुद्रात मिसळतं तिथे दोन गोष्टी एकदम होतात: ऑक्सिजन मिळतो आणि आंबटपणा जातो. वायूचे बुडबुडे वर निघून जातात, त्यानेही पीएच चढतो. पण उलट दिशेचीही एक ओढ आहे. लोहाचे चार आयन गंजताना ऑक्सिजनचा एक रेणू खर्च होतो आणि हायड्रोजनचे आठ आयन मोकळे होतात, म्हणजे गंजण्यातूनच आम्ल तयार होतं आणि ते पुढचं गंजणं मंदावतं. घळ अरुंद, पाणी फारसं खेळत नाही, म्हणून ही ओढाताण खाडीच्या लांबीभर पसरते. आतल्या टोकाला दाट गेरू, मध्ये पिवळट, तोंडाशी हिरवट. तो हिरवा रंग वेगळा पदार्थ नाही. निळ्या पाण्यात पिवळे कण विरळ तरंगले की डोळ्याला हिरवं दिसतं, इतकंच.

शिवाय इथे एक जिवंत कामगार आहे. गॅलिओनेला नावाचा जीवाणू या खाडीत सापडतो. क्रिस्तियान एरेनबेर्ग यांनी त्याचं वर्णन 1830 च्या दशकातच केलं होतं. लोह गंजताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर हा जगतो. ती ऊर्जा इतकी तुटपुंजी की कार्बनचा एक अणू शरीरात बांधायला त्याला लोहाचे चाळीस-पन्नास आयन गंजवावे लागतात. म्हणून जीव एवढासा आणि गंजाचा ढीग भलामोठा. त्याला ऑक्सिजन हवा, पण थोडाच. जास्त असला तर लोह त्याच्याआधी आपोआप गंजून जातं. त्यामुळे तो झरा आणि समुद्र यांच्या सीमेवर राहतो. आणि स्वतःच्याच गंजात गाडलं जाऊ नये म्हणून पेशीच्या एका बाजूने गंजाची पीळ घातलेली फीत सोडत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती नीट घातलेल्या वेणीसारखी दिसते.

उरलेलं काम मीठ करतं. गंजाचे ताजे कण काही नॅनोमीटरचे असतात, त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. समुद्रातले क्षार हा भार झाकून टाकतात, कण चिकटतात, गुठळ्या होऊन खाली बसतात. नदीच्या मुखाशी गाळ बसतो त्यामागेही हेच कारण. खाडीच्या तळाचा तो मऊ चिखल, जो लोक तोंडाला फासतात, तो असा तयार होतो.

आणि हो, त्या फासण्याबद्दल. हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा किंचित वास येतो, त्यावरून ‘गंधक’ आणि गंधकावरून ‘औषध’ अशी साखळी जोडली गेली आहे. चिखलात प्रामुख्याने लोहाचं हायड्रॉक्साइड आहे. ते त्वचेतून शरीरात जात नाही आणि कुठला त्वचारोगही बरा करत नाही. गारठलेल्या अंगाला कोमट पाण्यात बरं वाटतं, तेवढं खरं. तशीच दुसरी अफवा 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत उठली होती. हजारो भूकंप झाले, 10 फेब्रुवारीला 5.3 तीव्रतेचा धक्का बसला, दहा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले आणि ‘अमुक तारखेला बेट उडणार’ असे निरोप फिरले. ती तारीख कुणी सांगू शकत नाही. भूकंपमापकं आणि जमिनीचा फुगवटा मोजणारी जीपीएस केंद्रं जे सांगतात तेवढंच धरावं. नेआ कामेनीवर उतरायला परवानगी आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्यावं.

या खाडीत लोह कसं बसतं हे पाहिलं की गोव्याच्या डिचोली-सांगे भागातल्या खाणींकडे पाहायची नजर बदलते. तिथल्या खनिजाचं मूळ अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात आहे. तेव्हा समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, विरघळलेलं रंगहीन लोह साठून होतं आणि ते गंजून थराथराने तळाशी बसत गेलं. पुढे दाब, उष्णता आणि पावसाने त्याचं आजचं खनिज केलं.

दक्षिणेकडून जाणाऱ्या सफरी आक्रोतिरीजवळच्या लाल किनाऱ्यावरूनही जातात. तिथला लालही लोहाचाच, पण ते लोह गरम असताना, वाफेत आणि हवेत गंजलेलं. त्यातून पाणी निघून गेलं, म्हणून पिवळा-नारिंगी न होता वीटकरी हेमॅटाइट, म्हणजे लोहाचं कोरडं ऑक्साइड झालं. तिथला कडा ढासळतो, तेव्हा बोटीतूनच पाहिलेलं बरं.

शेवटी कपडे. खाडीत पांढरा किंवा फिका पोहण्याचा पोशाख घालू नये. चांदीचे दागिने बोटीवरच ठेवावेत, सल्फाइडने ते काळे पडतात. बाहेर आल्याबरोबर कपडा समुद्राच्या पाण्यात खळखळून घ्यावा, कण सुके व्हायच्या आत. तरी डाग राहिलाच तर साबण घासून उपयोग नाही, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पाण्यात गंज जास्तच पक्का बसतो. ब्लीच तर बिलकूल नको. उरलंसुरलं फेरसही ते फेरिक करून टाकतं. लिंबू पिळावं, वर मीठ भुरभुरावं आणि अर्धा तास ओलं ठेवावं. लिंबाचं आम्ल पीएच खाली आणतं आणि त्यातलं सायट्रेट लोहाला धरून पुन्हा पाण्यात विरघळवतं. मग साध्या पाण्याने धुवावं आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय उन्हात वाळत घालू नये.